हंगाम सरल्यावर चांदोलीत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, तेव्हा पेठेतील आमच्या पेढीत पुरुषभर पाणी होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते; त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाणी चढू लागले त्या रात्री हळदीची पोती माळ्यावर नेताना आमच्याकडील जुने तोलाईदार, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, क्षणभर थांबले आणि पायरीवर आलेल्या गढूळ पाण्याकडे पाहत म्हणाले, "धाकटे शेठ, हे पाणी आमच्या गावावरनं आलंय."

मामा आमच्याकडे पंचवीस वर्षांहून अधिक काळ आहेत. त्यांच्या मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, त्यांचा मधुमेह हे सारे मला ठाऊक होते. ते एका पुनर्वसन वसाहतीत राहतात हेही ठाऊक होते. मात्र त्या वसाहतीपूर्वी त्यांचे गाव कोठे होते, हे मी कधी विचारले नव्हते. पूर ओसरल्यावर, भिजलेल्या हळकुंडांचा खच रस्त्यावर उपसून टाकताना मी तो प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलेले गाव आज नकाशावर शोधून सापडत नाही. ते चांदोलीच्या जंगलात होते. ("नाव नका छापू, लोक उगीच चौकशा करत्यात," असे त्यांनी बजावले असल्याने ते येथे देत नाही.)

भूगोलाच्या दृष्टीने त्यांचे ते वाक्य तंतोतंत खरे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. चांदोलीतून येणारी वारणा कृष्णेला मिळते ती हरिपूरच्या संगमावर, म्हणजे सांगली शहराच्या खालच्या अंगाला. वारणेचे पाणी उलटे चढून पेठेत येत नाही. परंतु वारणा दुथडी भरून आली की संगमावर कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि वरच्या अंगाला फुगवटा येतो. कृष्णा, कोयना, वारणा या सर्वांनी मिळून केलेल्या पुराचे खापर एकीवर फोडण्यात अर्थ नाही. तरीही त्या रात्री मामांना आपले गाव आठवले होते, आणि तिथे त्यांना घेऊन जायचे असे मी मनाशी ठरवून टाकले.

ठरवले खरे, जायला काही वर्षे लागली. आधी करोना, मग हंगाम. हळदीच्या धंद्यात माघ-फाल्गुनापासून नवा माल येऊ लागतो आणि वैशाखापर्यंत सौद्यातून मान वर काढता येत नाही. व्यापाऱ्याच्या घरात सहलीला निघायचे ते बाजार मंदावल्यावर, आणि बाजार मंदावतो तेव्हा बहुतेक ठिकाणी ऊन तरी कडक असते किंवा पाऊस तरी मुसळधार. आम्ही मे महिन्याचा शेवटचा आठवडा निवडला, त्यातही मंगळवार ते गुरुवार. चांदोलीला पर्यटक येतात ते पावसाळा संपल्यावर, सडे फुललेले असताना आणि थंडीत. जूनच्या मध्याच्या सुमारास उद्यान बंद होते ते थेट पाऊस सरेपर्यंत. आमच्या त्या तीन दिवसांत आमच्याखेरीज दुसरी एकच गाडी दिसली, आणि तीही वाट चुकून आलेली.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जिथे मिळतात तेथे सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचे हे जंगल पसरले आहे. १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प करण्यात आला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील काही स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत चांदोलीही आहे. मध्यभागी वारणेवरील धरणाचा वसंतसागर जलाशय, ३४.४० अब्ज घनफूट क्षमतेचा. आपल्या भागातील ऊस आणि हळद ज्या पाण्यावर पोसली जाते, त्यातील मोठा वाटा येथेच साठतो. वाघ येथे मोजकेच. अलीकडे ताडोबातून वाघीण आणून या जंगलात सोडण्यात आली आहे. आमच्या मुलाला वाघाची आशा होती. ती मी वाटेतच काढून टाकली.

मंडळी आम्ही सहा जण. मी, सौ., माझी शहात्तर वर्षांची आई, वाणिज्य शाखेत शिकणारा मुलगा, नववीतली मुलगी आणि मामा. तंबू दोन, तेही एका मित्राकडून मागून आणलेले. राष्ट्रीय उद्यानाच्या आत आपल्या मर्जीने तंबू ठोकता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुक्काम करायचा तो सीमेवरील गावात, कोणाच्या तरी अंगणात किंवा शेतात, घरमालकाच्या परवानगीने. मामांच्या दूरच्या नात्यातील एक कुटुंब तेथे राहते. त्यांच्या घरामागच्या पडीक तुकड्यावर आमची सोय झाली.

पेठ नाका सोडून बत्तीस शिराळ्याकडे वळले की हळूहळू उसाचे राज्य संपते. कोकरूडनंतर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात आणि भाताची खाचरे दिसतात. मे महिन्यात ती भाजून काढलेली, काळीभोर असतात. आरळ्यापाशी मामांनी खिडकीची काच खाली केली आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत वर केली नाही. गरम वारा थेट आईच्या तोंडावर येत होता, पण तीही काही बोलली नाही.

तंबू उभारण्याची फजिती लिहिण्यासारखी आहे. जमीन जांभ्याची, खुंट्या दोन बोटेही आत जाईनात. मुलाने मोबाइलवर बघून ठेवलेली सगळी विद्या तेथे निरुपयोगी ठरली. शेवटी मामांनी दोऱ्या मोठ्या दगडांना बांधून दिल्या, पोत्याचे तोंड शिवताना घालतात त्याच गाठीने. आईने तंबूत झोपायला साफ नकार दिला आणि घराच्या सोप्यात आपली चटई अंथरली.

जेवणाची काळजी घरातून निघतानाच घेतली होती: दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, मुगाची डाळ आणि तांदूळ. पाणी गाळून आणि उकळून. मे महिन्यात सूर्य सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे स्वयंपाकाला भरपूर वेळ मिळाला; थंडीत गेलो असतो तर धावपळ झाली असती. यजमान वहिनींनी पाहुणचार म्हणून जंगलातल्या मधाची बाटली पुढे केली. आम्ही मध खात नाही हे त्यांना कसे सांगावे या विचारात मी असतानाच आईने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "वहिनी, आमच्यात चालत नाही, पण तुमच्या दारातला फणस आम्हाला फार आवडेल." मग फणस फोडला गेला. दोन दिवस आमच्या बोटांना त्याचा चीक आणि वास होता.

रात्री शेकोटी करायची मुलांची फार इच्छा होती. गाव, मामा आणि मी, तिघांनीही नाही म्हटले. मेअखेरीस रान इतके वाळलेले असते की एक ठिणगी पुरे. वणवा पसरू नये म्हणून काढलेले जाळपट्टे आम्ही येताना पाहिलेच होते. शिवाय आगीवर येऊन पडणाऱ्या किड्यांचे काय, हा प्रश्न आमच्या घरात कोणी वेगळा विचारावा लागत नाही. म्हणून दिवेही मालवले आणि अंधारात बसून राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी डोळे सरावले, तेव्हा समोरच्या हिरड्याच्या झाडावर काही लुकलुकताना दिसले. आधी एक, मग चार, मग मोजणे सोडून दिले. पहिल्या पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत काजवे येतात. एरवी इथे येणाऱ्या पर्यटकांना ते दिसत नाहीत, कारण त्या दिवसांत कोणी येतच नाही. शेकोटी केली असती, तर आम्हालाही दिसले नसते. दूर कोठेतरी रातवा पक्षी एकसुरी ठोके देत होता. मुलगी कुजबुजत बोलत होती, तिला कोणी हळू बोल म्हणून सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनविभागाच्या चौकीवर नोंद करून, वाटाड्या सोबत घेऊन आत गेलो. अंजन, जांभूळ, पिसा, ऐन, किंजळ अशी झाडी. रस्त्यावर जांभळांचा सडा पडलेला. शेकरू एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेले, तेव्हा आईने हात जोडले. का, ते तिने सांगितले नाही. ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर गात होता. माणसाने सहज वाजवावी तशी त्याची शीळ असते, आणि सौ. ने खरोखरच मागे वळून पाहिले. पश्चिमेकडे कोकणाच्या कड्यावर उभा असलेला प्रचितगड धुरकट उन्हात नुसता अंदाजानेच दाखवला गेला.

पावसानंतर रंगीबेरंगी फुलांनी भरून जाणारे झोळंबीसारखे सडे मे महिन्यात अगदी उघडेबोडके असतात. काळसर जांभा, करपलेले गवत आणि वर पांढरे आभाळ. छायाचित्र काढावे असे काही नाही. पण झाडोरा निष्पर्ण झाल्यामुळे खालच्या दऱ्या लांबवर दिसतात, आणि आमच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते.

एका सड्याच्या कडेशी मामा थांबले. बराच वेळ त्यांनी काही सांगितले नाही. मग खालच्या उतारावर बोट दाखवले. चौफेर पिवळट, तपकिरी रानात एके ठिकाणी गडद हिरव्या झाडांचा पुंजका होता. फणस आणि आंबे. जंगलात ही झाडे अशी रांगेने येत नाहीत, ती माणसांनी लावलेली असतात, हे वाटाड्याने मुलांना समजावले. आमचे गाव तेच, असे मामा म्हणाले. तिथे जाता येईल का, असे मी वाटाड्याला विचारले. ठरलेला मार्ग सोडता येत नाही, असे तो नम्रपणे म्हणाला. तो पंचविशीचा मुलगा, नियम त्याने केलेला नव्हता. मामांनी एका शब्दानेही आग्रह धरला नाही. त्यांनी बसल्या जागेवरून आम्हाला गाव दाखवले: वरच्या अंगाला देऊळ, त्याखाली दोन ओळींत घरे, पलीकडच्या उतारावर नाचणी आणि वरी, खाली ओढ्याला पाणी. धरणाच्या पाण्याखाली त्यांचे गाव गेले नव्हते. जंगल राखायचे म्हणून उठले. चांदोलीतून अशी तीसहून अधिक गावे उठली आणि खालच्या सपाटीला वसाहतींत गेली. पंधरा-सोळा वर्षांचे असताना मामा ट्रकमध्ये भांड्यांवर बसून गेले होते.

"मग तुम्ही पैसे कशावर मिळवायचात?" मुलाने विचारले. वाणिज्यचा विद्यार्थी, त्याला हाच प्रश्न सुचणार.

"हिरड्यावर," मामा म्हणाले. "सगळं गाव गोळा करायचं. वाळवून पाठीवर घेऊन खाली वाटेवर आणायचं. तिथं व्यापारी यायचा. काटा त्याचाच, वजनं त्याचीच. घरी टोपल्या मोजून निघालेलं दोन मण तिथं पावणेदोनच भरायचं. दर साली."

"कुणी काही बोलत नव्हतं?" हा प्रश्न मुलीचा.

"बोलून? त्यो रुसला तर मीठ आनि कापड कुठनं आनायचं?"

खरे सांगायचे तर मला खाली पाहवले नाही. तो व्यापारी कोण, कोठला, आमच्या समाजाचा की दुसऱ्या, हे मी विचारले नाही आणि मामांनीही सांगितले नाही. परंतु त्या क्षणी मला 'कडता' हा शब्द आठवला. मालातील ओल, माती, नमुन्याचा काढलेला भाग, अशा नाना कारणांनी पोत्यामागे काही वजन वजा धरण्याची ही जुनी रीत आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना माहीत आहे. तिच्यातले किती योग्य आणि किती निव्वळ सवयीचे, हे आपण पेढीवर बसून सहसा तपासत नाही. शेतकरी गप्प राहतो, म्हणजे त्याला मान्य आहे असे आपण धरून चालतो.

आईने मात्र वेगळीच गोष्ट सांगितली. माझे वडील जाऊन आता बारा वर्षे झाली. ही गोष्ट मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. मामा प्रथम काम मागायला आले, तेव्हा वडिलांनी त्यांना एक पोते तोलायला सांगितले. पोते काट्यावर ठेवण्याआधी या पोराने पारडे उचलून त्याखाली काही चिकटवले आहे का, ते पाहिले. वखारीतले लोक हसले. वडील हसले नाहीत. संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाले, "आज एक माणूस ठेवला, त्याचा माझ्यावर विश्वास नाही."

मामा ते ऐकून लाजले. "शेठजींनी बघितलं हुतं व्हय?" एवढेच म्हणाले.

परतीच्या वाटेवर, ऊन उतरू लागले असताना, जलाशयाच्या काठी गव्यांचा कळप दिसला. मे महिन्यात पाणी खूप आत गेलेले असते आणि काठाची लालसर माती पायऱ्यापायऱ्यांनी उघडी पडते. त्या मातीवर काळेभोर गवे, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे. आठ मोठे, दोन वासरे. गाडीचे इंजिन बंद केले. ते पाणी पिऊन सावकाश झाडीत गेले. आम्ही दहा मिनिटे तरी तसेच बसून होतो.

त्या रात्री वळीव आला. ढग दुपारपासून जमत होते. यजमानांनी दोनदा सांगूनही आम्ही तंबूतच झोपण्याचा हट्ट धरला होता. अकराच्या सुमारास वारा सुटला, आणि पाच मिनिटांत एक तंबू उलटला. दुसरा मामांच्या गाठींमुळे टिकला, पण आत पाणी आले. भिजत, हसत आम्ही सोप्यात पळालो. आई जागीच होती आणि तिने चटया आधीच पसरून ठेवल्या होत्या. कौलांवर पाऊस वाजत होता. यजमान म्हणाले की हा नुसता शिडकावा. खरा पाऊस पाहायचा तर आषाढात पाथरपुंजला जावे. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत पाथरपुंजची गणना होते, आणि तेथला पाऊस वारणेच्या पाणलोटात उतरतो. तिथे दिवसरात्र धार लागली की धरण भरत येते, मग दरवाजे उचलावे लागतात, मग आपल्याकडे संगमावर पाणी चढते. हा सारा क्रम मामांना पाठ होता. इतकी वर्षे तो ते मनातल्या मनात मोजत आले होते. मी फक्त आयर्विन पुलाची पातळी पाहत होतो, म्हणजे पाणी दाराशी आल्यावर.

सकाळी निघताना मामांनी गावाच्या दिशेची मूठभर माती रुमालात बांधून घेतली असेल, असे मला उगीच वाटले होते. तसे काही नव्हते. त्यांनी एक पिशवी भरून जांभळे घेतली होती, मधुमेहाला बरी म्हणून. त्यांतील निम्मी मुलांनी गाडीतच संपवली.

पेढी उघडली, त्या आठवड्यात कडत्याच्या वहीवरून माझी आणि माझ्या धाकट्या भावाची थोडी वादावादी झाली. ती अजून मिटलेली नाही, म्हणून तिच्याविषयी येथे लिहीत नाही. दुसरा बदल मात्र सांगण्यासारखा आहे. आमच्या दारातील काळ्या फळ्यावर रोज सकाळी हळदीचे दर लिहिले जातात. जूनपासून मुलाने त्याच्या उजव्या कोपऱ्यात चांदोली धरणाचा पाणीसाठा लिहायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मामांनी तो आकडा वाचला, खडू हातात घेतला आणि म्हणाले, "हे नंतर. आधी पाथरपुंजला किती पडला, ते लिही."